‘एक फेरी जाईल ना?’

पहाटेचे साडेचार. मुंबईचा चिकचिकाट, आणि मी, विमान तपासणारा इंजिनिअर, टॉर्च घेऊन चाकापाशी वाकलेलो. पार्किंग ब्रेक लावला की ब्रेकची झीज दाखवणारी एक छोटीशी पिन किती बाहेर उरते ते बघायचं. उरलीच नाही तर ब्रेक बदलायचा. विषय संपला.

संपतोय कुठला! लगेच फोन. ‘किती वेळ?’ दोन मिनिटांनी दुसरे साहेब, ‘किती वेळ?’ अहो, चाक उतरवल्याशिवाय ब्रेक निघत नाही, स्कूटर आहे का ही? मग तो ठेवणीतला प्रश्न: ‘एक फेरी जाईल ना?’ जाईल की! करा तुम्ही सही. इथे मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. लायसन्स माझं ना!

उशिराचं खापरही आमच्याच माथी. विमान मुळात तासभर उशिरा आलं, ते कुणी काढत नाही.

२००० साली अलास्का एअरलाइन्सचं फ्लाइट २६१ हे विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं. ८८ माणसं गेली. शेपटीतल्या स्क्रूला पुरेसं ग्रीस नव्हतं. ग्रीस! ते घालायच्या पाळ्याच लांबवत नेल्या होत्या.

थांबा, परत वाजला फोन.