हशा न येणारा पॉज

परवा रात्री आईबरोबर 'माय ब्रदर निखिल' पुन्हा पाहिला. चौथ्यांदा की पाचव्यांदा, मोजलेलं नाही. आणि दर वेळी येतो तोच वैताग पुन्हा आला. जुही चावलाच्या चांगल्या भूमिका सांगा म्हटलं की लोक 'कयामत से कयामत तक' म्हणतात, 'हम हैं राही प्यार के' म्हणतात, 'डर' म्हणतात, फार तर 'यस बॉस'. या सिनेमाचं नाव कुणाच्या तोंडी पटकन येत नाही. आलंच तर "हो हो, तो एड्सवरचा ना? विषय चांगला होता." विषय! जसं काही जुहीनं त्यात उभं राहून पत्रकं वाटली.

म्हणून आज लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली. जुही मला आवडायची ती तिच्या हसण्यामुळेच. 'हम हैं राही प्यार के' (१९९३) मधली ती वैजयंती अय्यर आठवा. बापानं ठरवलेल्या नटराजनला टाळून घरातून पळालेली, तीन पोरांच्या मदतीनं आमीरच्या घरात लपलेली. तिला त्या कामासाठी फिल्मफेअर मिळालं आणि ते रास्तच होतं. पण त्यानंतर काय झालं, की 'जुही म्हणजे खिदळणं' हे समीकरण पक्कं झालं. 'इश्क', 'दीवाना मस्ताना', 'मिस्टर अँड मिसेस खिलाडी', तिन्ही १९९७ चे. सगळीकडे तीच हसतमुख, बडबडी, जरा बावळट, जरा भांडखोर. ती हे इतकं सहज करायची की त्यात मेहनत आहे हेच कुणाला दिसलं नाही.

ती मेहनत मला थोडीफार कळते, कारण मी स्वतः बरीच वर्षं हौशी नाटकांत कामं केली. नव्वद टक्के वेळा मोलकरीण, नाहीतर आगाऊ शेजारीण. एकदा एका गंभीर नाटकातली आईची भूमिका मागितली, तर दिग्दर्शक म्हणाला, "अगो बाई, तू एन्ट्री घेतलीस की लोक हसायलाच सुरुवात करतील." त्यानं ते कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. मी पण हसले. घरी येऊन मात्र दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

तर, विनोदी काम करणारीला पहिली गोष्ट शिकावी लागते ती थांबायची. वाक्य टाकलंस की थांब. लाफ्टर येऊ दे. तो पूर्ण ओसरायच्या आत, पण अंगावर न धावता, पुढचं वाक्य घे. अर्धा सेकंद लवकर घेतलंस तर हशा मारला गेला, अर्धा सेकंद उशीर केलास तर प्रयोग पडला. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही, अंगात भिनावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे ऐकायचं. समोरच्याचं वाक्य खरोखर ऐकलं नाही तर आपली प्रतिक्रिया खोटी पडते आणि विनोदात खोटेपणा लगेच उघडा पडतो. रडण्यात तो बराच काळ खपतो.

आता सिनेमाकडे येते.

'माय ब्रदर निखिल' मार्च २००५ मध्ये आला. ओनीर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. गोष्ट गोव्यातली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून १९९४ पर्यंतची. निखिल कपूर (संजय सूरी) राज्य पातळीवरचा जलतरणपटू, बापाचा अभिमान, आईचा लाडका. त्याला एचआयव्ही असल्याचं निष्पन्न होतं. संघातून काढतात, पोलीस उचलून नेतात, एकटा कोंडून ठेवतात. आईबाप पाठ फिरवतात. राहतात दोघंच: त्याचा जोडीदार नायजेल (पूरब कोहली) आणि त्याची मोठी बहीण अनामिका. अनामिका म्हणजे जुही.

सिनेमाची रचना अशी आहे की निखिल गेल्यानंतर त्याची माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसतात आणि आपल्याशी बोलतात. माहितीपटात बोलतात तशी. यात नट फार सहज उघडा पडतो. समोर दुसरा नट नाही, हातात काही काम नाही, पार्श्वभूमीला ढोल नाही. नुसता चेहरा आणि भूतकाळ. लिलेट दुबे आणि व्हिक्टर बॅनर्जी यांच्यासारखी रंगभूमीवर मुरलेली माणसंसुद्धा अशा जागी जरा 'बोलून दाखवतात' असं मला वाटलं. जुही बोलून दाखवत नाही. ती सांगते. शेजारची बाई ओट्यावर बसून सांगेल तसं.

आणि तिथं मला तो पॉज दिसला. भावाबद्दलची एखादी साधी आठवण सांगताना ती जराशी हसते आणि थांबते. अगदी त्याच हिशेबानं थांबते, जसं 'यस बॉस'मध्ये हशासाठी थांबली असती. पण इथं हशा येत नाही. त्या रिकाम्या जागेत काहीच येत नाही. मग ती पुढचं वाक्य घेते, आवाज एक पायरी खाली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, का ते कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा पाहताना कळलं. ही बाई आपलं जुनं हत्यारच वापरतेय, फक्त उलट्या बाजूनं. "विनोदी असूनही तिनं गंभीर भूमिका छान केली" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं. असूनही काय? विनोदी होती म्हणूनच!

बरं, ती रडतच नाही असं नाही. डोळे भरतात, गळा दाटतो. पण प्रत्येक वेळी ती ते आवरताना दिसते, कारण अनामिकेला रडायला वेळ नाहीये. पुढे धावपळ आहे, वकील आहे, आईबापांच्या बंद दारावर थाप मारायची आहे. पूर्वार्धात हीच बाई भावाची थट्टा करते तेव्हा आपली ओळखीची जुही पूर्ण ताकदीनं हजर असते. ओनीर यांनी ती आधी मनसोक्त हसू दिली हे फार शहाणपणाचं केलं. नंतर ती हसेनाशी झाली की घरातला दिवा गेल्यासारखं होतं.

आता थोडं विषयांतर, पण माझ्या दृष्टीनं तेच मूळ आहे.

मी सावंतवाडीची. मावशी म्हापशाला दिलेली. १९८९ साली मी नववीत होते आणि म्हापसा म्हणजे आमच्यासाठी शुक्रवारचा बाजार, चणे, काजू आणि मावशीच्या हातची सोलकढी. त्या वर्षी मावशीच्या घरी एकच विषय होता. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण, रक्तदान केलं तेव्हा रक्त तपासलं गेलं आणि एचआयव्ही निघाला. १४ फेब्रुवारीला पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग इस्पितळात एकट्याला ठेवलं. ६४ दिवस. गुन्हा काय, तर आजार. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच करून ठेवली होती, की असा माणूस सापडला की वेगळा काढा.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की त्या बाजूनं जाताना मावशी नाकाला पदर लावायची आणि मलाही लावायला सांगायची. मी लावायचे. ओढणी घट्ट धरून, श्वास रोखून. आतला माणूस भिंतीपलीकडे एकटा बसलेला, आणि बाहेर एक नववीतली मुलगी नाक दाबून चाललीय. हे आज लिहितानाही कान गरम होतात.

'माय ब्रदर निखिल'ची प्रेरणा डॉमिनिकची कहाणी आहे. पण सिनेमानं एक बदल केलाय आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. सिनेमात आईबाप मुलाला टाकतात. प्रत्यक्षात डॉमिनिकची आई लूसी डिसोझा स्वतः मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. खटल्याचं नावच 'लूसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य'. न्यायालयानं कायदा ग्राह्य धरला, म्हणजे कागदावर ती हरली. पण एका आईनं सरकारला कोर्टात ओढलं म्हणून देशभर त्या कोठडीची चर्चा झाली. डॉमिनिक पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करून गेला. तो वारला मे १९९२ मध्ये. सुटका झाल्यानंतर जेमतेम तीन वर्षं मिळाली त्याला.

तर त्या खऱ्या आईचं बळ सिनेमानं बहिणीच्या खांद्यावर दिलं. मला आधी याचा राग आला होता. लूसीबाईंवर अन्याय वाटला. पण जुहीचं काम पाहता पाहता राग निवळला. आई लढली की आपण म्हणतो, आईच ती, लढणारच. बहिणीवर तसं बंधन नसतं. तिचं लग्न व्हायचं असतं, लोक तिला आडून आडून सांगत असतात की आपलं बघ. त्यामुळे अनामिका दर वेळी निवड करते, आणि जुही प्रत्येक वेळी ती निवड करताना दिसते. पाय घट्ट रोवून वगैरे नाही. जरा घाबरून, जरा चिडून, कधी आईवर ओरडून, पण करते.

२००५ हे 'ब्लॅक'चं वर्ष. सगळे पुरस्कार तिकडे गेले. राणी मुखर्जीचं काम मोठं होतंच, वाद नाही. पण आपल्याकडे अभिनय मोजायचं माप अजून तेच आहे: किती घाम, किती अश्रू. 'माहेरची साडी'च्या वेळी थिएटरात रुमाल भिजले, आणि तेव्हापासून रुमाल भिजवेल ती अभिनेत्री असं आमच्या अख्ख्या आळीत ठरून गेलं. अलका कुबल यांचा यात काही दोष नाही, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. दोष आमचा. हसवणारी बाई रडली नाही तर तिनं अभिनय केला हे आम्हाला दिसतच नाही.

सिनेमा परिपूर्ण आहे असंही म्हणत नाही. पैसे कमी होते हे जागोजागी दिसतं. काही किरकोळ पात्रांची हिंदी ऐकून वाटतं की संवाद आदल्या रात्री पाठ केलेत. गोव्याचं घर, पण घरात कोकणी शब्द ऐकू येईल म्हणून मी कान टवकारून बसले होते, फारसं हाती लागलं नाही. एकदोन ठिकाणी गाणं नको होतं. हे सगळं मान्य. पण निखिल तलावात उतरतो आणि बाकीचे एकेक करून पाण्याबाहेर निघतात, तो प्रसंग मी आजही सलग पाहू शकत नाही. नाक दाबून चाललेली ती मुलगी आठवते.

जुहीनं त्याच सुमाराला '३ दीवारें' केला, नंतर 'गुलाब गँग'मध्ये खलनायिकाही झाली. कुणी तिला त्यावरून मोजलं नाही. मुलाखत असली की प्रश्न ठरलेले: आमीर, शाहरुख, खट्याळपणा, आयपीएलचा संघ. अनामिकेबद्दल एखादा प्रश्न आला तर माझ्यासारखीच्या जिवाला बरं वाटेल.

परत परवाच्या रात्रीकडे. आई आता एक्क्याऐंशीची. सिनेमा चालू असताना ती मधेच डुलकी काढते, पण यावेळी शेवटपर्यंत टक्क जागी होती. सुरुवातीला विचारलंन, "ही ती हसणारी मां गो?" म्हटलं, हो, तीच. मग गप्प. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "त्या डॉमिनिकची आवस खऱ्यान कोर्टात गेली होती हां." मी म्हटलं, माहीत आहे. "तुझी मावशी तेका काय काय बोलायची," म्हणाली, आणि पुन्हा गप्प.

सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली. मी रिमोट घेतला तर तिनं माझा हात धरला.

"बंद करू नको. जरा पाठी ने."

"कुठपर्यंत?"

"ती हसत होती थयसर. तेवढां परत बघूया."