एकवीस पूर्ण असूनही मुलाला जेट्टीवरून परत पाठवलं : तुमच्या एका स्टारला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच वाचला. उत्तराला चार दिवस लावले, कारण त्या रात्री तुमच्यासोबत असलेला आमचा टूर मॅनेजर पुढची ट्रिप करून कोल्हापूरला परत यायचा होता. त्याच्या तोंडून सगळं ऐकल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आमच्या गोवा ट्रिपमध्ये मांडवीवरच्या कॅसिनो जहाजाची चार तिकिटं आमच्याकडूनच काढली होती. तिथं आत जायला एकवीस पूर्ण लागतात. मुलाला ती झालेली असूनही पणजीच्या जेट्टीवर वयाचा पुरावा नाही म्हणून थांबवलं. त्याला एकट्याला मागं ठेवून जायचं नाही म्हणून चौघंही परत फिरलात. जहाजवाल्यांनी पैसे दिले नाहीत, आमच्या माणसानं हात वर केले. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "मी त्याला जन्म दिलाय, मी समोर उभी राहून सांगतेय, तरी माझ्या शब्दापेक्षा कार्ड मोठं?"

आधी चूक कुणाची ते सांगतो. आमची. तुम्ही गुरुवारी फोन करून विचारलं होतं, "मुलाचं आधार चालेल ना?" आणि आमच्याकडं कामाला असलेला मुलगा म्हणाला, "चालतंय की." त्यानं माझ्यासमोर कबूल केलं. आमच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्येही "सर्वांनी मूळ ओळखपत्र आणावे" एवढंच होतं. जन्मतारीख पूर्ण छापलेली हवी, हे कुठंच नव्हतं. चौदा वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला पाहिजे होतं.

आता त्या कार्डाबद्दल. मॅनेजरनं मला फोटो दाखवला. (घाबरू नका, तो मी डिलीट करायला लावला, आणि तुमच्या मुलाची तारीख इथं लिहीत नाही.) पहिलीत असताना काढलेलं, लॅमिनेशनच्या कडा सुटलेलं आधार. फोटोत पुढचा दात पडलेला पोरगा, आणि काउंटरपुढं दाढी ठेवलेला तरुण. त्याखाली फक्त 'जन्म वर्ष : २००४'. तारीख नाही, महिना नाही. सुरुवातीच्या वर्षांतली बरीच आधार कार्डं अशीच आहेत. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर शाळाशाळांत कॅम्प लागले आणि त्या पिढीच्या पोरांच्या पाकिटात ती कार्डं अजून आहेत. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं देऊन झालेले असले तरी नवं कार्ड छापून घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये २००४ एवढाच आकडा पाहणाऱ्याला काय कळणार? जानेवारीतला असेल तर एकवीस, डिसेंबरातला असेल तर वीस. त्या काउंटरवरच्या मुलीला तुमचा मुलगा खोटं बोलतोय असं वाटलं नव्हतं. तिच्या हातातल्या कागदावर उत्तरच नव्हतं, ताई.

पॅन कार्डाचा स्क्रीनशॉट दाखवला, तो तिनं घेतला नाही. स्क्रीनशॉटवर तारीख बदलायला दोन मिनिटं पुरतात, त्यामुळं तिथंही मी तिला दोष देऊ शकत नाही. डिजिलॉकर उघडायला गेलात तर ओटीपी बाबांच्या बंद पडलेल्या सिमवर. लायसन्स होतं, पण कळंगुटच्या हॉटेलात, बॅगेत. हे सगळं वाचताना मला खरंच वाईट वाटलं. निघताना आमच्या माणसानं गाडीत एकदा कार्डं हातात घेऊन पाहिली असती तर ते लायसन्स खिशात आलं असतं.

आईच्या शब्दाबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. तुमचा शब्द खोटा नव्हताच. पण त्या रांगेत रोज कुणीतरी कुणाची तरी आई, मामा, मोठा भाऊ म्हणून उभा असतो, आणि त्यातल्या काहींच्या सोबतचं पोर अठराचं असतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. एका माणसानं स्वतःच्या अठरा वर्षांच्या पुतण्याला "घ्या आत, मी जबाबदार" म्हणत पुढं ढकललं होतं. तुमचा खरा शब्द आणि त्याचा शब्द, काउंटरवरून दोन्ही सारखेच ऐकू येतात. आपल्याकडं शब्दावर तारीख लावायची सवय जुनी आहे. माझ्याच वडिलांची कागदावरची जन्मतारीख १ जून, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली. खरी आजीला ठाऊक होती, ती गेली तशी तारीखही गेली. म्हणून तर आता सगळीकडं कागद बघतात. आणि कागदांतही डावं-उजवं असतं. नव्या आधारवर तर छापलेलंच असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही एका अपघात भरपाईच्या खटल्यात वयासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला धरला. कॅसिनोचं काउंटर पूर्ण तारखेचं आधार सहसा घेतं, पण नुसत्या वर्षाचं कुणी घेणार नाही.

तुमच्या भाच्याला परदेशी क्रूझवर अठराव्या वर्षी खेळता आलं, हे खरं असेल. समुद्रावर फिरणाऱ्या मोठ्या जहाजांवर कंपनी आणि मार्ग बघून ही अट कुठं १८, कुठं २१ असते. तिथं त्याला कुणी विचारलं नाही कारण बंदरात चढतानाच पासपोर्ट घेतात आणि जहाजावर जे खोलीचं कार्ड मिळतं त्याला जन्मतारीख जोडलेली असते. टेबलावर कार्ड लावलं की वय कळतंच. मांडवीतली जहाजं कुठं जात नाहीत, नदीत नांगर टाकून उभी असतात, त्यामुळं गोव्याचाच कायदा चालतो. १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनना आणि १९९६ साली जहाजांवरच्या टेबलांना परवानगी आली. वयाची अट २१. शिवाय १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांना आत जायला बंदी आहे, म्हणून कार्डावरचा पत्ताही बघतात. सिंगापूरच्या कॅसिनोतही २१ च आहे. मकाऊनं तर २०१२ मध्ये १८ चं २१ केलं.

"दुसरे एजंट ओळखीनं आत सोडवतात" हे वाक्य मला लागलं. ताई, माझी तिथं ओळख आहे. त्या रात्री नऊ वाजता मला फोन आला होता आणि मी एक फोन करू शकलो असतो. केला नाही, पुढंही करणार नाही. कारण सांगतो. आमच्याच घरातला एक मुलगा, पुण्याला शिकायला. मोबाईलवर रमीचं ॲप होतं, त्यात वय विचारायचे म्हणजे काय, "मी १८ वर्षांचा आहे" या चौकटीत टिक करायची. त्यानं सतराव्या वर्षी टिक केली. दोन सेमिस्टरची फी आणि मेसचे पैसे गेले, तोवर घरात कुणाला पत्ता नाही. मेसवाल्या मावशींचा फोन आला तेव्हा कळलं. त्याची आई आजही त्याचा फोन वाजला की दचकते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, ती आमच्यासाठी उशिराच आली. त्यामुळं जिथं कुणीतरी माणूस बसून कार्ड हातात घेऊन बघतो, त्या माणसाला चुकवायचं काम माझ्याकडून होणार नाही. तुमचा मुलगा एकवीसचा होता हे मला आता माहीत आहे. त्या क्षणी फोनवर मलाही माहीत नव्हतं.

तिकिटाचे पैसे वाढवून घेतल्याचं लिहिलंय, त्याचं उत्तर सोपं आहे. बुकिंग ऑगस्टमधलं होतं, २२ सप्टेंबरपासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. फरकाची पावती तुमच्या मेलवर पाठवली आहे. बसच्या एसीची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे, आंबोली घाटात तो बंद पडला होता, गाडी दुरुस्तीला दिली आहे.

चारही तिकिटांचे पूर्ण पैसे आमच्याकडून परत येतील. जहाजवाल्यांचा नियम काहीही असो, "चालतंय की" आमच्या माणसानं म्हटलंय. जेट्टीवरून हॉटेलला परत जायचं टॅक्सीभाडंही त्यात धरलं आहे. आजपासून तिशीच्या आतल्या प्रत्येकाचं कार्ड बुकिंगच्या वेळी आम्ही स्वतः बघणार, आणि कोल्हापूर सोडायच्या आधी गाडीत पुन्हा एकदा. लायसन्स, पासपोर्ट किंवा पॅन, मूळ कार्ड, पूर्ण तारखेचं. मेसेजही बदलला, कालच्या ग्रुपला नवा गेला.

एक विनंती. मुलाच्या आधारला अजून बाबांचा जुना नंबर आहे. उद्या परीक्षेच्या फॉर्मला, नोकरीच्या कागदांना हीच अडचण येईल. आमच्या ऑफिसच्या गल्लीतच आधार केंद्र आहे, सकाळी साडेदहाला गर्दी कमी असते. त्याला जन्मतारखेचा पुरावा घेऊन पाठवा, मी स्वतः बरोबर जातो.

तुमचा,
संचालक