फिश टँकचा दुकानदार म्हणे, काही होत नाही! अरे भरलेल्या टँकचं वजन केलंय का कधी?

डोकं फिरलंय नुसतं. रविवारी रात्री अकरा वाजता मी आणि नवरा चार फुटी फिश टँक रिकामा करत होतो, बाथरूमपर्यंत पाइप टाकून, मासे दोन बादल्यांत, बॅटरीवरचा एअर पंप त्यात सोडलेला आणि पोरगी शेजारी रडतेय की मासे मरणार का.

टँकखालचा स्टँड खचला. दोन आठवडे स्टँडच्या कपाटाचं डाव्या बाजूचं दार खाली घासत होतं, मला वाटलं बिजागरी सैल झाली असेल. त्या रात्री टँकचा लाइट लावला आणि पोटात गोळाच आला, डावीकडे पाणी वरच्या काळ्या पट्टीला टेकलेलं आणि उजवीकडे बोटभर खाली! स्टँड आतून बघितला तर पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगलेला, नख रुततंय त्यात.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो ताई, तुमच्याकडून पाणी सांडलं असेल. अरे फिश टँकचा स्टँड आहे ना तो, पाणी सांडणारच, नाहीतर काय सांडणार? आणि घेताना मी तीनदा विचारलं होतं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वजन पेलेल ना? "काही होत नाही ताई, सातव्या मजल्यावर पण लावलेत." तिसरा काय नि सातवा काय, स्लॅबवर नेमकं कुठे ठेवताय ते महत्त्वाचं, आणि ते या माणसाने विचारलंसुद्धा नाही.

हिशोब करा ना. चार बाय दीड, उंची दोन फूट, म्हणजे १२ घनफूट, ३४० लिटर, म्हणजे ३४० किलो नुसतं पाणी. त्यात १२ एमएमची काच ७५ किलोच्या आसपास, वर खडी, दगड, स्टँड. ५०० किलोच्या घरात जातं सगळं, म्हणजे सात-आठ माणसं सहा चौरस फुटांत चिकटून रात्रंदिवस उभी. आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा त्याच्या भारतीय मानकात, घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. टँकखाली तोच ९०० पर्यंत जातो. लगेच स्लॅब कोसळतो असं नाही, वजन आजूबाजूला पसरतं, पण म्हणूनच टँक बीमला लागून, कॉलमजवळ हवा, खोलीच्या मधोमध नाही आणि बाल्कनीत तर नाहीच नाही. दुकानदाराच्या माणसाने काय केलं? हॉलमधल्या चार इंची पार्टिशनवर टकटक केलं, "मजबूत आहे" म्हणाला, ठेवला आणि गेला. त्या भिंतीखाली बीमच नाहीये!! आपल्या जमिनीखालचा बीम खालच्या घराच्या छताला दिसतो, एवढं साधं. खालच्या काकूंनी बिचाऱ्यांनी रात्री दार उघडून दाखवला. काच फुटली असती तर सगळं पाणी त्यांच्याच घरात गेलं असतं हो.

आता फॅब्रिकेटरकडे चौकोनी लोखंडी पाइपचा स्टँड करायला टाकलाय, खाली आडवी पट्टी, म्हणजे चार पायांवर टाइल फुटायला नको. वर मरीन प्लाय, त्यावर थर्माकोल, आणि पाणी भरायच्या आधी पाणसळ लावून बघणार, मी स्वतः, कुणावर विश्वास ठेवणार नाही आता. जागा पण बदलली, बेडरूमची बीमवरची भिंत. हा खर्च वेगळाच. जुन्या स्टँडचे पैसे परत मागितले तर दुकानदार फोनच उचलत नाहीये, आणि मासे अजून हॉलमध्ये कपड्यांच्या टबात आहेत.