खोट्या पावसाचा खरा आवाज

ज्या माणसाने हॉलिवूडमधल्या आपल्या बारच्या पत्र्यावर बागेतल्या रबरी नळीने पाऊस पाडला, आणि तो ऐकून ‘आता या पावसात बाहेर कुठे पडायचे’ असे म्हणत बसून राहिलेल्या गिऱ्हाइकांना आणखी एकेक पेला विकला, त्या माणसाचा खरा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांतून शोधून काढण्याचा उद्योग कोणत्याही शहाण्याने अंगावर घेऊ नये. मी तो घेतला आहे. त्यातून मी स्वतः दारूला स्पर्श करत नाही, त्यामुळे हे सगळे कशासाठी चालले आहे या प्रश्नाला पिणाऱ्या माणसाजवळ जे एक सोपे उत्तर असते, तेही माझ्याजवळ नाही.

या माणसाने सुरू केलेल्या प्रकाराला टिकी बार म्हणतात. बांबूच्या भिंती, लाकडात कोरलेल्या डोळे वटारलेल्या मूर्ती, फुगवलेल्या माशांचे दिवे आणि नारळाच्या करवंटीतून दिलेली रम, असे त्याचे रूप असते. ते पाहून हा पॅसिफिक बेटांवरचा पिढीजात रिवाज असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो अमेरिकेतली दारूबंदी उठली त्या १९३३ सालच्या अखेरीस हॉलिवूडमधल्या एका लहानशा जागेत जन्माला आला. जन्मदात्याचे नाव अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट. बारचे नाव ‘डॉन द बीचकोमर’ पडल्यावर लोक मालकालाही डॉन म्हणू लागले, आणि पुढे त्यांनी रीतसर डॉन बीच हेच नाव घेतले. ग्रंथालयांच्या सूचींमधून ज्याने काही शोधले असेल त्याला माझी अवस्था कळेल. गँट म्हणून शोधावे तर भलतीच माणसे भेटतात, बीचकोमर म्हणून शोधावे तर उपाहारगृहांची भोजनपत्रे निघतात, आणि बीच म्हणून शोधावे तर जगभरच्या किनाऱ्यांवर हौशी लोकांनी मुद्रित केलेल्या लाटांचे आवाज एकामागून एक समोर येतात. लाटांना मात्र कोणी नाव बदलायला लावत नाही.

शिवाय हा गृहस्थ मुळात काही मागे ठेवणाऱ्यांतला नव्हता. आपल्या पेयांची कृती चोरीला जाऊ नये म्हणून त्याने बाटल्यांवर नावांऐवजी आकडे घातले होते, त्यामुळे पेय बनवणाऱ्यांनासुद्धा आपण पेल्यात नेमके काय ओततो आहोत याचा पत्ता नसे. एका गिऱ्हाइकाला दोनांहून अधिक द्यायचे नाही असा दंडक असलेले त्याचे ‘झोंबी’ हे पेय जेफ बेरी नावाच्या चिकाट संशोधकाला कितीतरी दशकांनंतर जुन्या कामगारांच्या वह्यांवरून अक्षरशः उकलावे लागले. आपल्या नोकराला सरबताचे नाव न सांगणारा मालक पुण्यातल्या एका सेवानिवृत्त माणसासाठी आपला आवाज नीट खोक्यात घालून ठेवील, ही अपेक्षाच जरा धाडसाची आहे.

त्याचे प्रतिस्पर्धी व्हिक्टर बर्जरॉन, म्हणजेच ओकलंडचे ‘ट्रेडर व्हिक’, यांची तऱ्हा निराळी. लहानपणीच्या आजारात त्यांचा एक पाय गेला होता. पण तो शार्कने खाल्ला असे ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि कोणी शंका घेतलीच तर बर्फ फोडायचा टोचा स्वतःच्या लाकडी पायात खुपसून दाखवत. माय ताय हे पेय आपण १९४४ मध्ये सिद्ध केले असे ते आयुष्यभर सांगत राहिले, तर ते आमच्या १९३३ सालच्या पेयावरून उचलले असे डॉन बीच यांच्या बाजूचे म्हणणे होते. ही दोन माणसे ध्वनिमुद्रणात सापडली तरी त्यांच्या साक्षीवर कोणते न्यायालय विश्वास ठेवील, हा विचार मला अधूनमधून छळतो; पण संग्राहकाला निकालाशी कर्तव्य नसते, त्याला साक्ष हवी असते.

घटस्फोटानंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा धंदा पत्नीकडे राहिला, तेव्हा डॉन बीच हवाईला गेले. हवाई त्या काळी राज्य नव्हते, नुसता अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश होता. वायकीकीत त्यांनी वडाच्या झाडावर घर बांधले. त्यांनी एक साळुंकीही पाळली होती आणि तिला गिऱ्हाइकांना मूर्ख म्हणून बिअर मागायला शिकवले होते, असे सांगतात. येथे मला उगाच माहेर भेटल्यासारखे होते, कारण हवाईतला वड आपल्या देशातला आहे आणि साळुंकीही पिकांवरच्या अळ्या खाण्यासाठी १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानातूनच तेथे नेली गेली. म्हणजे या सर्व मंडळींत निःसंशय अस्सल म्हणावे असे दोनच जीव होते, आणि ते दोन्ही आपल्याकडचे.

आवाजाच्या दृष्टीने मात्र हवाईत सुबत्ता आहे, आणि ठेच तेथेच लागते. डॉन बीच यांच्याकडे वाजवण्यासाठी १९५४ मध्ये मार्टिन डेनी हे पियानोवादक होनोलुलूला आले. पुढे ते दुसऱ्या एका हॉटेलाच्या ‘शेल बार’मध्ये वाजवू लागले, तेथल्या तळ्यातले बेडूक संगीत सुरू झाले की डराँव डराँव करत आणि थांबले की गप्प होत. वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले, दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तेच गाणे ‘पक्ष्यांसह’ वाजवा अशी फर्माईश केली, आणि एक संगीतप्रकारच उभा राहिला. डेनींच्या ‘एक्झॉटिका’ या तबकडीत पक्षी माणसांनी काढलेले आहेत आणि बेडूक एका खाचा पाडलेल्या वाद्यावर घासून वाजवलेला आहे. १९५९ मध्ये ही तबकडी बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. त्या वर्षी अमेरिकेत घरोघरी लोक खोटे बेडूक ऐकत होते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात खरे फुकट ओरडत असतात तर सोसायटीचे लोक तळे बुजवण्याचा अर्ज करतात.

या तबकडीचे मूळ मुद्रण १९५६ च्या डिसेंबरातले, एकाच वाहिनीचे. स्टीरिओचा जमाना आल्यावर १९५८ मध्ये तीच गाणी हॉलिवूडमध्ये दुसऱ्यांदा वाजवली गेली, पण तोवर व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य वाजवणारे आर्थर लायमन संच सोडून गेले होते. स्वतः डेनींना मूळचेच अधिक आवडे. मीही विक्रेत्याला मूळचेच हवे असे स्वच्छ लिहिले होते. पार्सल बंदरात अडकले, सुटले, त्यावर शुल्क भरले, आणि उघडले तर आत दुसरे मुद्रण. विक्रेत्याचे म्हणणे असे की यात आवाज दोन्ही बाजूंनी येतो, म्हणजे तुमचा फायदाच झाला.

लायमन यांची ‘टॅबू’ ही स्वतंत्र तबकडी मला मिळाली, आणि ती उद्योगपती हेन्री कायझर यांनी बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या घुमटात मध्यरात्रीनंतर मुद्रित झालेली आहे. दिवसा रहदारीचा आणि पर्यटकांचा गोंगाट होई म्हणून रात्र निवडली; पण रात्री घुमट थंड होताना करकरे, आणि ती करकर अधूनमधून तबकडीत उतरली आहे. मी कान लावून ती ऐकत बसलो असता सौ. आतून म्हणाली, “अहो, बाल्कनीच्या दाराला जरा तेल घाला, किती दिवस सांगतेय.” हा होनोलुलूचा घुमट आहे हे मी तिला समजावले. तिने बाल्कनीच्या दारालाही तेल घातले.

याहून जुना ठेवा म्हणजे ‘हवाई कॉल्स’ हा नभोवाणीचा कार्यक्रम. वेब्ली एडवर्ड्स यांनी तो १९३५ मध्ये मोआना हॉटेलाच्या आवारातल्या वडाखालून सुरू केला आणि तो १९७५ पर्यंत चालला. सुरुवातीला अमेरिकेतल्या श्रोत्यांना पाठीमागच्या लाटा म्हणजे प्रक्षेपणातली खरखर वाटली. तेव्हा एडवर्ड्सनी ध्वनिवाल्याला मायक्रोफोन घेऊन थेट पाण्यापर्यंत पिटाळले, म्हणजे लाट लाटेसारखी ऐकू यावी. याच एडवर्ड्सना ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडत असताना, ही कवायत नसून खरा हल्ला आहे, असे नभोवाणीवरून परोपरीने सांगावे लागले. या धंद्यात शिरलेल्या माणसाचे असेच होत असावे: त्याची लाट कोणाला खरी वाटत नाही आणि त्याचे युद्धही.

आवाज नेमका कोणत्या खोक्यात आहे हे विचारण्यासाठी मी फोनाचा मार्ग धरला. होनोलुलूचे घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे आहे. तेथले कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा येथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. अंतराच्या मानाने मी जरा मोठ्याने बोलतो. ‘मला डॉनचा आवाज ऐकायचा आहे’, ‘डॉन १९८९ मध्ये वारले हे मला ठाऊक आहे’, ‘पैशांची काळजी करू नका, माल मात्र अस्सल हवा’ ही वाक्ये रात्रीच्या शांततेत जिन्यापर्यंत स्पष्ट पोचली. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव, एरवी देखभालखर्चाच्या थकबाकीवर तासभर बोलणारे, माझ्याकडे पाहून नुसते हसले आणि लिफ्टचे दार माझ्यासाठी धरून उभे राहिले. मी खुलासा केलेला नाही. आमच्या मजल्यावरचा दिवा तेव्हापासून वेळेवर बदलला जातो.

डॉन बीच अखेर सापडले ते वाटुमल प्रतिष्ठानाच्या मौखिक इतिहास प्रकल्पात. हे वाटुमल म्हणजे सिंधमधल्या हैदराबादेहून होनोलुलूला जाऊन स्थिरावलेले व्यापारी कुटुंब. त्यांच्या प्रतिष्ठानाने हवाईतल्या नामांकित लोकांच्या मुलाखती ध्वनिफितीवर घेतल्या, आणि १९८६ मध्ये डॉन बीच यांचीही घेतली. एका अमेरिकी माणसाने अमेरिकेत निर्माण केलेली पॅसिफिक बेटे एका सिंधी घराण्याने जतन करावीत, हे मला फार आवडले. माझ्या हाती जे आले ते मात्र लिखित उतारे. छापील पानावर माणूस बोलतो खरा, पण ना खाकरतो, ना थांबतो, ना पुढची थाप मारण्याआधी घोट घेतो. मी ते सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. डॉन बीच यांचा आवाज आमच्या घरात सध्या माझ्यासारखा आहे.

अशा मनःस्थितीत मला परदेशातल्या एका विक्रेत्याचे पत्र आले. चाळिशीच्या दशकातल्या हॉलिवूडमधील ॲसिटेट तबकडीवरून, म्हणजे घरच्या घरी मुद्रण करता येई अशा तबकडीवरून, उतरवलेला डॉन बीच यांचा आवाज आपल्याकडे आहे, असे सांगून त्याने एक लहानसा तुकडा नमुन्यादाखल पाठवला. एक पुरुष बोलतो आहे, पेले किणकिणत आहेत आणि मागे पत्र्यावर पाऊस पडतो आहे. लॉस एंजेलिसला वर्षभरात सरासरी १४-१५ इंच पाऊस होतो. तेव्हा नेमका तबकडी फिरताना तो खरोखर पडावा हे अवघड, आणि जर तो नळीचा असेल तर जागा, काळ, मालक, सगळेच जुळते. मुद्रण खरे ठरायला पाऊस खोटा असणे भाग होते. हे ठरवणार कोण? सौ.चे माहेर चिपळूणचे, आणि तिचे बालपण पत्र्याखाली गेलेले. मी तिला हेडफोन लावून दिला. तिने डोळे मिटले, आणि ताटात वाढलेले मीठ पारखावे तसे ते ऐकले.

“हा पाऊस नव्हे,” ती म्हणाली. “पाऊस वाऱ्याबरोबर सरकतो, एक सर जाते, दुसरी येते, मध्ये पन्हळ बोलते. हा एका जागी ओततोय. नळी आहे.”

मला इतका आनंद झाला की मी त्याच रात्री पूर्ण मुद्रणाची मागणी नोंदवली आणि पावसाबद्दल विशेष कौतुक कळवले. त्यावर विक्रेत्याचे दिलगिरीचे उत्तर आले: पार्श्वभूमीतल्या गोंगाटाचा आपल्याला त्रास झाला असे दिसते, तरी संगणकावर तो पूर्ण साफ केला आहे, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. सोबतच्या नव्या तुकड्यात एक गृहस्थ कोऱ्या शांततेत रमबद्दल बोलत होता. तो डॉन बीच असू शकेल, किंवा विक्रेत्याचा मेहुणाही असू शकेल. पाऊस होता तसा परत घालावा, अशी विनंती मी तातडीने केली. कोणत्या प्रकारचा पाऊस हवा, असे त्याने उलट टपाली विचारले आहे.