टेस्ट प्रोजेक्ट जास्त आहेत म्हणून बिल्ड रखडत नाही

डॉटनेटवाल्यांमध्ये (डॉटनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्म) एक सल्ला सारखा फिरतो: टेस्ट प्रोजेक्ट वाढले की प्रत्येकासाठी पॅकेजेस (बाहेरून घेतलेला तयार कोड) नव्याने डाउनलोड होतात, म्हणून बिल्ड (कोड कंपाइल करणं) रखडतो, तेव्हा सगळ्या टेस्ट एकाच प्रोजेक्टमध्ये आणा, आणि खात्रीसाठी दर बिल्डआधी नुगेटचा, म्हणजे पॅकेजेस आणणाऱ्या साधनाचा, कॅशे साफ करा. यातलं निदानच चुकलंय.

‘प्रत्येकासाठी नव्याने डाउनलोड.’ नाही होत. पॅकेज एकदा मशीनवरच्या सामाईक फोल्डरमध्ये, म्हणजे नुगेटच्या कॅशेत, आलं की सगळे प्रोजेक्ट तेच वापरतात. रिस्टोअर (पॅकेजेस आणून जुळवायची पायरी) प्रत्येक प्रोजेक्टच्या ‘ऑब्ज’ फोल्डरमध्ये कुठल्या पॅकेजची कुठली व्हर्जन लागणार याची नोंद लिहितो, आणि काही बदललं नसेल तर तेही टाळतो.

‘कॅशे साफ करा.’ म्हणजे नसलेली अडचण स्वतःच्या हाताने तयार करा! ठरलेल्याच व्हर्जन हव्या असतील तर लॉक फाइल (नेमक्या व्हर्जनची यादी) कोडसोबत रेपोत ठेवा आणि बिल्ड सर्व्हरवर रिस्टोअर लॉक्ड मोडमध्ये चालवा. यादी जुळली नाही तर तो तिथेच थांबतो.

वेळ खातो तो बहुतेकदा पाइपलाइनमधला (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांमधला) लूप. प्रत्येक प्रोजेक्टवर वेगळं ‘डॉटनेट टेस्ट’ चालवलं की दर वेळी आधी रिस्टोअर, मग बिल्डची तपासणी. सगळे जिच्यावर अवलंबून आहेत ती लायब्ररीही पुन्हापुन्हा तपासली जाते. हाच लूप समांतर चालवलात तर दोन प्रोसेस एकच डीएलएल (कंपाइल होऊन बनलेली फाइल) लिहायला जातात आणि ‘फाइल वापरात आहे’ म्हणत बिल्ड पडतो. त्यापेक्षा सोल्यूशनवर एकदा रिस्टोअर, ‘--नो-रिस्टोअर’ देऊन एकदा बिल्ड, आणि ‘--नो-बिल्ड’ देऊन टेस्ट. बिल्डचे डीबग आणि रिलीझ असे दोन प्रकार असतात; बिल्ड रिलीझमध्ये केला असेल तर टेस्टलाही रिलीझ सांगा, नाहीतर ती डीबगच्या फोल्डरमध्ये शोधते. सर्व्हरवर निदान एरर येते. आपल्या मशीनवर तिथे जुनी डीएलएल पडलेली असते आणि टेस्ट खुशाल हिरव्या होतात.

‘एकच प्रोजेक्ट करा.’ यात थोडं तथ्य आहे. प्रत्येक टेस्ट प्रोजेक्ट लागणाऱ्या डीएलएल आपल्या ‘बिन’ फोल्डरमध्ये कॉपी करतो, त्यामुळे चार-पाच टेस्टसाठी वेगळा प्रोजेक्ट काढणं महागच. पण युनिट आणि इंटिग्रेशन टेस्ट एकत्र कोंबल्या की एक ओळ बदलली तरी सगळं पुन्हा कंपाइल होतं. शिवाय एनयुनिट आणि एमएसटेस्ट ही टेस्ट चालवणारी फ्रेमवर्क्स एका असेंब्लीतल्या (एका प्रोजेक्टच्या डीएलएलमधल्या) टेस्ट आपणहून समांतर चालवत नाहीत. वेगळ्या प्रोजेक्टमुळे मिळणारा वेग गमावता.

व्हर्जन सांभाळायचा त्रास असेल, तर नुगेट 6.2 पासून त्या सगळ्या ‘डिरेक्टरी.पॅकेजेस.प्रॉप्स’ या एका फाइलमध्ये ठेवता येतात. फक्त टेस्टच्या फोल्डरमध्ये तशीच दुसरी फाइल ठेवलीत, तर वरची आपोआप लागू होत नाही. ती इम्पोर्ट करावी लागते.