एक पिंप गोडं पाणी तरी द्यायचं होतं

खाडीत गोडं पाणी नसतं. हे मला आज माहीत आहे. सप्टेंबरमध्ये माहीत नव्हतं, आणि जो माणूस मला होडी विकत होता त्याला ते लहानपणापासून माहीत होतं. तरी तो माझ्या तोंडावर म्हणाला, "दादा, ही होडी समुद्रात उतरलेलीच नाही. आत खाडीत चालवली, गोड्या पाण्यात." मी विश्वास ठेवला आणि 1 लाख 85 हजार रुपये मोजून दिले.

भरती आली की खारं पाणी खाडीतून कित्येक किलोमीटर आत शिरतं, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही कळतं. आम्ही भिगवणकडची माणसं. आमचं सगळं आयुष्य उजनीच्या पाण्यावर. लोखंड गंजतं एवढं आम्हाला माहीत. ॲल्युमिनियमचा पिठासारखा पांढरा भुगा होतो, स्टीलचा बोल्ट त्यात असा रुतून बसतो की पान्याला जोर लावला तर डोकं तुटून हातात येतं, हे मी या दिवाळीनंतर पहिल्यांदा पाहिलं. आणि पाहिलं ते स्वतःच्या पैशानं घेतलेल्या इंजिनात.

होडी कशाला घेतली तेही सांगतो, म्हणजे नुकसान कळेल. हिवाळ्यात आमच्याकडे फ्लेमिंगो येतात, पट्टकदंब हंस येतात, आणि ते बघायला पुण्या-मुंबईहून माणसं येतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तेवढ्यात जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. फायबरची आठ माणसांची होडी आणि 25 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागं बाहेरून अडकवायचं इंजिन, असा सौदा होता. नवं इंजिन आवाक्याबाहेर होतं म्हणून जुनं बघत होतो. जुनं घेणं हा गुन्हा नाही. "सेकंड हँड म्हटलं की असं होणारच," असं मला आता जो तो ऐकवतोय. का होणारच? जुनं म्हणजे झिजलेलं, हे मला मान्य आहे. जुनं म्हणजे फसवलेलं, हे कोणी ठरवलं?

मी बघायला पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. हात लावला तर चटका बसला. तो म्हणाला, "तुमच्यासाठीच चालू करून ठेवलं." मला चांगलं वाटलं! थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं का, हेच तर बघायचं असतं, आणि तेच त्यानं मला बघू दिलं नाही. वरून काळा रंग चकाचक. नळीतून पाण्याची धार येत होती. बारीक होती, पण येत होती. ही धार काय सांगते ते मला कळत नव्हतं. आऊटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ते ज्या पाण्यात उभं असतं तेच पाणी इम्पेलरनं, म्हणजे रबरी पात्यांच्या चाकानं, वर ओढतं, सिलिंडरभोवती फिरवतं आणि बाहेर टाकतं. धार जाड आणि जोरात हवी. सुतासारखी आली तर आतली वाट बुजत चालली आहे असं समजायचं.

आता बुजते कशानं, ते ऐका. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपात सात किलो. असं पाणी तासन् तास गरम इंजिनातून फिरतं. इंजिन बंद केलं की आत राहिलेलं पाणी सुकतं आणि मीठ तिथंच बसतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर. आणि हे मीठ गप्प बसत नाही. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी कशी ओलसते? तसंच हे हवेतली ओल ओढून घेतं, आणि होडी किनाऱ्यावर नुसती उभी असली तरी आतून धातू खात राहतं.

उपाय काय? समुद्रातून आलं की इंजिन पिंपभर गोड्या पाण्यात उभं करायचं आणि दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. एवढंच. यंत्र नाही, औषध नाही, मिस्त्री नाही. मान्य आहे, एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या गावांत प्यायच्या पाण्याचीच ओढ असते, रोज पिंप भरणं सोपं नसतं. मग तसं सांगा! "दादा, उन्हाळ्यात धुणं झालं नाही, आत मीठ असेल, वीस हजार कमी द्या." मी घेतलंही असतं. आधी उघडून साफ केलं असतं, मग पाण्यात घातलं असतं.

कारण माझा राग खाऱ्या पाण्यावर नाही. अलिबागपासून मालवणपर्यंत माणसं याच इंजिनांवर समुद्रात जातात आणि वर्षानुवर्षं वापरतात, कारण ती धुतात, ग्रीस मारतात, जस्त बदलतात. मला इंजिन उघडून दाखवलं तो मिस्त्रीही किनाऱ्यावरचाच, पाहुण्यांच्या ओळखीनं आलेला. म्हातारा माणूस, प्रवास करून आला, जेवणाशिवाय काही घेतलं नाही. त्यानं पहिल्यांदा खालच्या बाजूला बघितलं आणि म्हणाला, "दादा, जस्तावर कोणी रंग मारतं काय?"

इंजिनाच्या खालच्या भागाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो. इंजिनाचं ॲल्युमिनियम झिजू नये म्हणून त्याच्या जागी हा तुकडा झिजतो. ही युक्ती आजची नाही, हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांसाठी शोधलेली. तुकडा पाण्याला उघडा असला तरच काम करतो. रंग मारला की तो मेला. माझ्या इंजिनावरचं जस्त कुरतडून कुरतडून बोराएवढं राहिलं होतं आणि त्याच्यावर तोच काळा चकाचक रंग. गोड्या पाण्यात जस्त फारसं झिजतच नाही, म्हणून तिथं मॅग्नेशियमचा तुकडा लावतात. म्हणजे ही होडी कुठल्या पाण्यात चालली हे त्या तुकड्यावरच लिहिलेलं होतं. ते वाचता येऊ नये म्हणून रंग मारला.

मग एकेक निघत गेलं. गिअर ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे सील गेलेलं आणि आत पाणी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितला तर एका सिलिंडरला 110, दुसऱ्याला 70. दोन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा म्हणतात. वायरी सोलल्या तर आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं. समुद्रावर कलई केलेल्या तांब्याच्या वायरी वापरायच्या असतात. इथं घरातल्या पंख्याची वायर जोडली होती. मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात ती, मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं ठोकली. कडेला टणटण, मध्यभागी बद्द. फायबरच्या दोन थरांमधलं प्लायवूड कुजलेलं. फळी कुजायला खारंच पाणी लागतं असं नाही, बोल्टची भोकं नीट बंद केली नाहीत तर गोड्या पाण्यातही कुजते. पण त्या भोकांभोवती नवं पुट्टी-काम होतं. म्हणजे त्याला माहीत होतं.

हे सगळं मी गिळलं असतं. खरंच. पैसा गेला, मेहनत करून परत मिळवता येतो. पण जे गिळता येत नाही ते आता सांगतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिली फेरी काढली. नवरा-बायको, दोन मुलं आणि त्यांची आजी. धाकटी सहा वर्षांची असेल. काठापासून बरंच आत गेल्यावर इंजिनाचा आवाज जड झाला, जळका वास आला आणि एका झटक्यात सगळं बंद. पिस्टन जाम. वारा सुटलेला, लाटा होडीच्या कडेवर आपटत होत्या. उजनीचं पाणी वाऱ्यात कसं होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. लाइफ जॅकेट सगळ्यांना घातली होती, तेवढं तरी मी केलं होतं. ती पोरगी रडायला लागली. मी दीड तास वल्हं मारलं. हाताची सालं गेली. काठावर आल्यावर त्या आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या नातीला छातीशी धरून बसल्या. मी त्यांचे पैसे परत केले आणि घरी येऊन जेवलो नाही.

या इंजिनाला बझर आहे, तापलं की तो वाजतो. वाजायलाच हवा. तो वाजला असता तर मी लगेच बंद केलं असतं, थंड होऊ दिलं असतं, हळूहळू काठाला आलो असतो. तो वाजला नाही. का वाजला नाही ते मिस्त्रीनं दाखवलं. वरचं झाकण काढून त्यानं बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. बझरची वायर कापलेली होती. गंजून तुटलेली नाही, उंदरानं कुरतडलेली नाही. पक्कडनं सरळ कापून, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळून आत खोचलेली.

म्हणजे इंजिन त्याच्याकडेही तापत होतं. बझर वाजत होता. धुवायचा, साफ करायचा कंटाळा, म्हणून त्यानं आवाज बंद केला. आणि मग तेच इंजिन, मी त्यावर माणसं बसवणार आहे हे माहीत असताना, मला विकलं. मी त्याला सांगितलं होतं. त्याच्या घरी चहा पिताना सांगितलं होतं, पक्षी बघायला येतात, लहान मुलं असतात. तो म्हणाला होता, "चांगलं काम आहे, दादा."

आता तो फोन उचलत नाही. दुसऱ्या नंबरवरून केला तर म्हणतो, "विकताना चालू होती, तुम्ही स्वतः बघितली, आता माझा संबंध नाही." कागद म्हणावा तर स्टॅम्प पेपरवरची पावती, तिच्यात "आहे त्या स्थितीत" असे शब्द. मोटरसायकल घेतली तर तिचं आरसी बुक असतं, सर्व्हिसची वही असते. जुन्या आऊटबोर्डबरोबर मला तेलाच्या डब्याची पावतीसुद्धा मिळाली नाही. कोण कधी इम्पेलर बदलला, कुठल्या पाण्यात किती तास चाललं, सगळं विकणाऱ्याच्या तोंडावर.

इंजिन आता गोठ्यात ताडपत्रीवर सुटं पडलंय. हंगाम चाललाय, पक्षी आलेत, माझे गिऱ्हाईक भावकीतल्या दुसऱ्या होडीवर जातात आणि मी काठावर उभा राहून बघतो. पैसे परत दे म्हणून मी त्याला आता फोन करत नाही. एकच गोष्ट विचारायला करतो, आणि तो उचलेपर्यंत करणार आहे. ती वायर कापताना तुझ्या हातात पक्कड होती, तेव्हा त्या होडीत पुढं कोण बसणार हे तुझ्या मनात आलं होतं की नव्हतं?