उंबर राहिला की!

तुमच्या लेखात कीस्टोन प्रजाती (जिच्यावर अख्ख्या परिसंस्थेचा तोल टिकून असतो अशी प्रजाती) म्हणून लांडगा आणि समुद्री ऊद एवढेच आलेत. त्यामुळे ही भूमिका शिकाऱ्याचीच असते असा समज होतो. अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ साली हा शब्द वापरला तेव्हा त्यांच्यासमोरही मांसाहारी तारामासाच होता म्हणा. खडकांवरून तो काढून टाकल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ प्रजातींच्या ८ उरल्या.

पण सह्याद्रीत हे काम उंबर-वडाकडे आहे. ही झाडं एकाच हंगामात फळत नाहीत. एक आज, दुसरं महिन्याभराने. रानात बाकी फळं नसतात तेव्हाही धनेश, हरियाल, वटवाघळं, माकडं यांचं त्यावर भागतं. आणि हे वेळापत्रक कुणामुळे? केंबरांमुळे! परागीभवन करणारं ते चिलटाएवढं केंबरू जेमतेम एक-दोन दिवस जगतं. तेवढ्यात त्याला योग्य अवस्थेतलं दुसरं झाड गाठावं लागतं, म्हणजे परिसरात कुठे ना कुठे उंबर तयार हवाच. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, पण इथे काढणं भाग होतं.

दत्ताचं झाड म्हणून उंबरावर सहसा कुऱ्हाड चालवत नाहीत. रस्ता रुंदीकरणवाल्यांना मात्र दत्तही अडवत नाही. पुढच्या भागात यावर लिहाल का?